पंप नको म्हटलं की पंपच येतो

एआयच्या मदतीने उत्कंठा टिकवणारा स्टोरीबोर्ड, म्हणजे व्हिडिओचा फ्रेम फ्रेमने काढलेला आराखडा, करायला शिकत असाल तर हे तुमच्यासाठी. (त्याच फ्रेमवर आवाज घालून केलेल्या कच्च्या व्हिडिओला अ‍ॅनिमॅटिक म्हणतात.) हे लिहितेय ते एका चुकीबद्दल. तिच्यात माझे तीन आठवडे गेले आणि अजून आठवली की जीव कासावीस होतो.

विषय होता १८५४ सालची लंडनच्या सोहो भागातली कॉलऱ्याची साथ, विषय समजावून सांगणारा चार मिनिटांचा व्हिडिओ, म्हणजे एक्सप्लेनर. दहा दिवसांत पाचशेहून जास्त माणसं दगावली. रोग घाणेरड्या हवेतून येतो, असं तेव्हा बहुतेकांना वाटत होतं. जॉन स्नो नावाचा डॉक्टर मेलेल्यांच्या घरचे लोक पाणी कुठून भरत होते ते विचारत हिंडला आणि माग ब्रॉड स्ट्रीटवरच्या सार्वजनिक पंपापाशी येऊन थांबला. मारेकरी कोण, हे शेवटी उघड होणार. उत्कंठेसाठी आणखी काय हवं, असं मला वाटलं.

मग मी सगळी संहिता एआयला दिली आणि २४ फ्रेमचं वर्णन मागितलं. पाच मिनिटांत आलं. त्यावरून चित्रं करून घेतली. धुकं, कंदील, ओला रस्ता, सगळं देखणं. आवाज बंद ठेवून मैत्रिणीला दाखवलं. तिसऱ्या फ्रेमला ती म्हणाली, "पाण्यातून झालं ना?"

सापळा हाच, म्हणून जरा सविस्तर सांगते. तुम्ही अख्खी संहिता देता तेव्हा टूलला शेवट माहीत असतो. कुठली गोष्ट कोणत्या क्षणापर्यंत झाकून ठेवायची, हे त्याला आपणहून उमगत नाही. महत्त्वाची वस्तू म्हणून ते पंप पहिल्याच फ्रेमच्या मध्यभागी, उजेडात ठेवतं. मी वर्णनात लिहिलं, "पंप दाखवू नकोस." पंप आणखी मोठा आला. "रस्त्यावर पंप नाही" असं लिहिलं, तर दोन आले. चित्र काढणारी बरीच मॉडेलं नकार नीट पाळत नाहीत. वाक्यात 'पंप' शब्द आला की तो चित्रात उतरण्याची शक्यता वाढते, मागे 'नको' असो वा नसो. टूलला लिहून दिलेल्या सूचनेला प्रॉम्प्ट म्हणतात; काही टूल्समध्ये नको असलेल्या गोष्टींसाठी निगेटिव्ह प्रॉम्प्टची वेगळी चौकट असते, तिथे लिहा. नाहीतर त्या जागी काय आहे तेवढंच सांगा: हातगाडी, बंद दारं, गटाराच्या कडेला बसलेलं कुत्रं.

पण पंप पुसून टाकणं हाही उपाय नव्हे. मी तेही करून पाहिलं. शेवटी पंप अचानक उगवला आणि बघणाऱ्यांना फसवल्यासारखं वाटलं. पंप सुरुवातीपासून दिसला पाहिजे, फक्त नजर दुसरीकडे हवी. आता पहिल्या फ्रेममध्ये पुढे नाकाला रुमाल लावलेला माणूस आहे, आणि मागे कडेला एक बाई बादली भरतेय. शेवट कळल्यावर प्रेक्षक मागे जाऊन तीच बाई शोधतो.

यासाठी मी कागदावर दोन रकाने आखते. एकात, या फ्रेमपर्यंत प्रेक्षकाला काय कळलंय. दुसऱ्यात, त्याच्या मनात आत्ता कोणता प्रश्न आहे. दुसरा रकाना रिकामा राहिला तर ती फ्रेम काढून टाका, कितीही सुंदर असली तरी. आणि एआयला एका वेळी एकाच टप्प्याची संहिता द्या, प्रत्येक टप्प्याला नवं चॅट उघडून. वेळ जातो. जाऊ द्या.

'शंभर तयार प्रॉम्प्ट'वाल्या पीडीएफ विकत घेऊ नका. त्यांनी धुकं मिळतं, प्रश्न मिळत नाही. मार्गदर्शकाबद्दलही स्पष्ट सांगते: चित्रं बघून "वा!" म्हणणारा तुमच्या कामाचा नाही. मला शिकवणाऱ्या बाई काड्यांची माणसं काढायच्या आणि प्रत्येक चौकटीवर बोट ठेवून विचारायच्या, "आता मला काय जाणून घ्यायचंय?" उत्तर आलं नाही की मला रडू यायचं. तुम्हालाही येईल. चित्रकला येत नाही म्हणून मात्र घाबरू नका, काड्यांची माणसं खरंच पुरतात. आधी त्या काड्यांवर स्वतःच्या आवाजात निवेदन घालून अ‍ॅनिमॅटिक करा, आणि ते पकड घेतंय असं दिसलं तरच एआयकडे चित्रं मागा. माझा क्रम नेमका उलटा होता.

उत्कंठेच्या नादात खोटं शिरतं, तेही बघा. एआयने मला लिहून दिलं होतं की स्नोने मृत्यूंचा नकाशा काढला, त्यावरून पंप सापडला, ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला आणि साथ थांबली. छान गोष्ट आहे, पण तसं झालं नाही. प्रसिद्ध नकाशा नंतरचा आहे. दांडा काढला तेव्हा साथ आधीच ओसरू लागली होती, कारण बरेच लोक भाग सोडून पळाले होते, आणि स्नोने स्वतःच हे नोंदवलंय. नकाशा एआयकडून काढून घेऊ नका. रस्त्यांची नावं गिचमीड येऊ शकतात आणि मृत्यूंच्या खुणा मनाच्या असतात. एक खूण म्हणजे एक मेलेला माणूस. मूळ नकाशा सहज मिळतो, तोच वापरा.

आणि खरं तर खऱ्या तपशिलांतच जास्त थरार होता. त्याच रस्त्यावरच्या बिअरच्या कारखान्यात सत्तरेक माणसं कामाला होती. त्यांच्यातलं कॉलऱ्याने कुणीच मेलं नाही, आणि ते पंपाचं पाणी पीतच नव्हते. उलट लांब हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा गेली. तिला या पंपाच्या पाण्याची चव आवडायची, म्हणून ती ते मुद्दाम मागवायची. या दोन फ्रेम शेजारी ठेवल्या तेव्हा दुसरा रकाना पहिल्यांदा आपोआप भरला: तिथे राहून हे वाचले आणि लांब राहून ती का गेली?

शेवटची फ्रेम दांडा काढलेल्या पंपाची होती. कितीतरी वेळा मागितली. प्रत्येक वेळी पंपाला दांडा होताच. "दांड्याशिवाय" म्हटलं तरी होता, "मोडका" म्हटलं तर मोडका दांडा आला. रात्री दीड वाजता मी पेन्सिल घेतली, एक उभा खांब काढला, वर दांड्याच्या जागी दोन रिकामी भोकं काढली. अ‍ॅनिमेटरला तोच कागद स्कॅन करून पाठवला.