‘बस’ म्हणजे नक्की काय?

मोती आमच्याकडे आला तेव्हा जेमतेम चार महिन्यांचा होता. नवी पेठेतल्या आमच्याच गल्लीतलं गावठी पिल्लू. ‘काही केल्या ऐकतच नाही,’ म्हणून मी रडकुंडीला आले होते. मग एका सकाळी पोळ्या लाटता लाटता नीट कान दिला. बाबा त्याला ‘बस’ म्हणत होते, मी ‘सिट’ म्हणायचे, आणि तो भुंकायला लागला की आई ओरडायची, ‘बस रे, बस आता!’ बिचारा भुंकता भुंकता खाली बसायचा आणि तरी ओरडा खायचा.

तेव्हा आधी फ्रिजवर एक कागद लावा: एका कामाला एकच शब्द, घरातल्या सगळ्यांचा. आमच्याकडे ‘बस’ फक्त बसायला, भुंकणं थांबवायला ‘पुरे’. शब्द एकदाच म्हणायचा, सोबत हाताची ठरलेली खूण करायची आणि थांबायचं. बसला की त्याच क्षणी शेंगदाण्याएवढा पनीरचा तुकडा. तो उठल्यावर दिलात, तर त्याच्या लेखी ते उठण्याचं बक्षीस.

पण खरं काम त्याचं ऐकण्याचं. गणपतीआधी नदीकाठी ढोल-ताशाचा सराव सुरू झाला की मोती जांभया द्यायचा, सारखी जिभल्या चाटायचा, मान वळवून डोळ्यांच्या कडेनं बघायचा. बुबुळाबाहेरचं पांढरं स्पष्ट दिसायचं. मला वाटायचं, झोप आली असेल. झोपेची वेळ नसताना अशा जांभया येत असतील, तर बहुतेक वेळा तो ताण असतो. आता आम्ही खिडक्या लावतो, पंखा मोठा करतो, आतल्या खोलीत त्याची सतरंजी टाकतो आणि मी शेजारी बसते. जवळ घेतल्यानं भीती वाढत नाही, खुशाल घ्या.

शेपूट हलली म्हणजे खूशच, असंही नाही. अंग सैल असेल तर ठीक. अंग ताठ, शेपूट उंच आणि थरथरती असेल तर लांब राहा. आणि गुरगुरण्यावर कधीही मारू नका. ‘पुढे येऊ नकोस’ हे सांगायची त्याची तीच रीत आहे. ती मोडलीत तर उद्या तो न सांगता चावेल. एरवी शांत असणारा कुत्रा हात लावताच गुरगुरला, तर कुठेतरी दुखत असेल; डॉक्टरांना दाखवा.

मांजर असेल तर तिच्याकडे बघून डोळे सावकाश मिटा, उघडा. ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या 2020च्या अभ्यासात मांजरांनीही तसंच उत्तर दिलं होतं.

आई अजून कधीतरी सवयीनं ‘बस आता’ म्हणते. मोती लगेच बसतो, तिच्या हाताकडे बघत. ती पनीर आणायला उठते.