ज्येष्ठांच्या उपचारांत रस आहे? मेडिकलचे अर्ज भरताना या चुका टाळा

बारावीच्या वर्षात सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो अर्जाला वजन यावे म्हणून वृद्धाश्रमातली प्रमाणपत्रे गोळा करण्यात. भारतात एमबीबीएसची जागा नीटच्या गुणवत्ताक्रमावर मिळते. निबंध किंवा शिफारसपत्र कोणी विचारत नाही. पुण्यात अपवाद एएफएमसीचा, म्हणजे लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा. तिथे नीटनंतर वेगळी चाचणी आणि मुलाखत असते, शिवाय लष्करी सेवेचे बंधन.

दुसरी चूक नोंदणीची, आणि ती थेट जागा घालवते. बी. जे. मेडिकलच्या ८५ टक्के जागा आणि नऱ्ह्याचे काशीबाई नवले कॉलेज राज्याच्या सीईटी सेलकडे (राज्याची प्रवेशयंत्रणा) आहेत. बी. जे.च्या उरलेल्या १५ टक्के जागा, तसेच भारती विद्यापीठ आणि पिंपरीचे डी. वाय. पाटील ही अभिमत (डीम्ड) विद्यापीठे एमसीसीकडे, म्हणजे केंद्राच्या प्रवेश समितीकडे. कॉलेज पुण्यातच आहे म्हणून सीईटी सेलचा अर्ज पुरेल, असे धरू नका. दोन्हीकडे नोंदणी वेगळी, पसंतीक्रम वेगळा. अभिमतसाठी २ लाख रुपयांची अनामत आधी भरावी लागते, तिची सोय करून ठेवा.

पसंतीक्रम लावताना जेरियाट्रिक्सचा (ज्येष्ठांच्या उपचारांची शाखा) स्वतंत्र विभाग शोधत बसू नका. एमबीबीएसमध्ये हा विषय मेडिसिनमध्येच शिकवतात. एमडी जेरियाट्रिक्स हा ३ वर्षांचा अभ्यासक्रम नंतरचा. त्याचा प्रवेश नीट-पीजीतून, एम्ससाठी आयएनआय-सीईटी या वेगळ्या परीक्षेतून होतो. त्यामुळे पाहायचे ते रुग्णालय: ओपीडीला गर्दी किती, मेडिसिन आणि अस्थिरोग वॉर्डांत पक्षाघाताचे, खुब्याच्या फ्रॅक्चरचे वयस्कर रुग्ण किती. आणि फी. डोक्यावर मोठे कर्ज असले की पुढे जास्त पैसे देणाऱ्या शाखेकडे ओढ लागते, जेरियाट्रिक्स मागे पडते. म्हणून दोन कॉलेजे जवळपास सारखी वाटली, तर कमी फीचे वर ठेवा.

ब्रिटनला अर्ज करणार असाल तर मात्र हा रस मोजला जातो. यूकॅसची (तिथली विद्यापीठ प्रवेशअर्जांची सामाईक यंत्रणा) मेडिसिनसाठीची मुदत १५ ऑक्टोबर, मेडिसिनचे पर्याय ४. बहुतेक कॉलेजांना लागणारी यूकॅट ही प्रवेशपरीक्षा त्याआधीच, जुलै ते सप्टेंबरमध्ये उरकावी लागते. शिक्षकांचे संदर्भपत्र ऑगस्टमध्येच मागून ठेवा. ज्युनिअर कॉलेजात ते हमखास रखडते. परतून भारतात प्रॅक्टिस करायची शक्यता असेल, तर जाण्याआधी नीट परीक्षेत पात्र व्हायलाच हवे.

२०२६च्या प्रवेशापासून यूकॅस अर्जातल्या वैयक्तिक निवेदनात (पर्सनल स्टेटमेंट) ३ प्रश्न आहेत, मिळून ४००० अक्षरे. आजीच्या आजारपणावरून डॉक्टर व्हायचे ठरवले, एवढ्यावर बहुतेक मुले थांबतात. त्यापेक्षा घराजवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात परवानगी घेऊन आठवड्याला दोन तास, सलग काही महिने जा. पेपर वाचून दाखवा, फॉर्म भरायला मदत करा. त्याच संध्याकाळी वहीत नोंद करा: काय पाहिले, कोणता प्रश्न पडला. नावे लिहू नका. ‘काका विसरभोळे झालेत’ असे घरचे म्हणतात, पण त्यांना मुळात ऐकूच येत नाही. दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर रक्तदाबाची एकच गोळी दोन नावांनी चालू आहे. अशा एका निरीक्षणावर मुलाखतीत दहा मिनिटे बोलता येते. गोळ्यांबद्दल स्वतः सल्ला मात्र देऊ नका. चिठ्ठ्या घेऊन डॉक्टरांकडे जायला घरच्यांना सांगा, आणि तसे सांगितल्याची नोंदही त्याच वहीत करा.