पन्नीशिवाय बाजार आणि पंगत
आठवडी बाजाराला निघताना मोठ्या थैलीत दोन-तीन लहान कापडी पिशव्याही ठेवाव्यात. एरवी मिरची आणि सांभार (कोथिंबीर) सुटा राहू नये म्हणून दुकानदार हमखास पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी, देतो.

खरा कचरा मात्र लग्नाच्या आणि तेरवीच्या पंगतीत होतो. प्लास्टिकच्या ताटल्या व पेल्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी असली, तरी ते सर्रास दिसतात. त्याऐवजी पळसाच्या पत्रावळी घ्याव्यात. त्या वाळलेल्या असल्यास पाणी शिंपडून ओल्या कापडाखाली दडपून ठेवाव्यात, म्हणजे पाने मऊ होतात आणि काडीच्या टाक्याजवळ फाटत नाहीत. पातळ वरणासाठी द्रोण दुहेरी लावावा. स्टीलचे पेले कुठे भाड्याने मिळतील, हे तारीख ठरतानाच पाहावे. उष्ट्या पत्रावळी उकिरड्यात टाकाव्यात, पन्नीत बांधून नव्हे. जनावरे अन्न पन्नीसकट गिळतात.