ओट्याची उंची माणसावरून ठरवा
स्वयंपाकघरातले बहुतेक ओटे ८५ ते ९० सेंटिमीटर उंच असतात. माझी आई बुटकी; तिचे खांदे कायम भरून यायचे. तेव्हापासून मी आधी माणूस मोजते, मग ओटा.

जास्तीत जास्त वेळ ओट्यापाशी राबणाऱ्याला ताठ उभं करा, कोपर काटकोनात वाकवा. जमिनीपासून कोपरापर्यंत मोजून त्यातून १० ते १५ सेंटिमीटर वजा करा. ही चिरण्याची उंची. शेगडीखाली ओटा आणखी थोडा खाली हवा, कारण भांडं वर चढतं. सिंकचा तळ खोल, तिथे थोडा वर.

मग टेबलावर पुस्तकं रचून त्या उंचीवर फळी ठेवा आणि दहा मिनिटं खरंच चिरून बघा. खांदे उचलले गेले तर उंची जास्त, कंबर वाकली तर कमी. आणि माप नेहमी तयार फरशीपासून धरा, कच्च्या कोब्यापासून नाही.