रोजच्या वापराचं घड्याळ: या चुका टाळा

घड्याळ घेताना लोक डायल बघतात, किंमत बघतात. मागचं झाकण मात्र कुणी उलटून वाचत नाही, आणि कितीतरी घड्याळं मरतात ती याच दुर्लक्षामुळे.

झाकणावर पाण्याच्या खोलीचा '३० मीटर' असा आकडा लिहिलेला असला तरी ते घड्याळ घालून पोहायला जायचं नसतं. तो नव्या घड्याळावर कारखान्यात ठरावीक दाब देऊन केलेल्या चाचणीचा आकडा असतो. हात धुताना उडालेलं पाणी आणि रिमझिम, एवढंच त्याला झेपतं. भर पावसात दुचाकीवरून कामाला जाणाऱ्याने किमान ५० मीटरचं घ्यावं, पोहणाऱ्याने १०० च्या खाली जाऊच नये.

हा आकडाही टिकतो तो झाकणाखालच्या बारीक रबरी रिंगवर. गेल्या पावसाळ्यात एक कॉलेजचा मुलगा काचेला आतून वाफ धरलेलं घड्याळ माझ्याकडे दुरुस्तीला घेऊन आला. "काका, ५० मीटर लिहिलंय की!" उघडलं तर रिंग खाचेतून निसटून झाकणाखाली चेंगरलेली. सेल कुठेतरी रस्त्यात उभ्याउभ्या बदलून घेतला होता, पाणी तिथूनच शिरलं. त्यात पाणी दिसल्यावर यानं घड्याळ आठवडाभर तांदळाच्या डब्यात ठेवलं. तोवर चावीचा (काटे फिरवायच्या बाजूच्या गुंडीचा) दांडा गंजला, कॉइलवर, म्हणजे आतल्या तांब्याच्या तारेच्या गुंडाळीवर, हिरवा थर चढला. तांदळाने गंज थांबत नाही. त्याच दिवशी आणलं असतं तर उघडून, वाळवून वाचवता आलं असतं. शेवटी अख्खं मशीन बदललं.

सेल बदलताना मी रिंग काढून बोटांनी ताणून बघतो. कडक झाली असेल तर नवी, नाहीतर सिलिकॉन ग्रीस लावून परत. 'दोन मिनिटांत द्या' म्हणणाऱ्याचं घड्याळ मी उघडतच नाही. गरम पाण्याने आंघोळ करताना घड्याळ काढा, मग त्यावर कितीही मीटर लिहिलेले असोत.

बंद पडलेल्या घड्याळात सेल ठेवू नका, तो गळतो.

ऑटोमॅटिकची, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणाऱ्या बिनसेलच्या घड्याळाची, तारीख रात्री ९ ते पहाटे ३ च्या दरम्यान चावीने बदलू नका. त्या वेळी तारखेची चाकं एकमेकांत अडकलेली असतात, जोर लावला की दात तुटतो. मी आधी काटे पुढे फिरवून तारीख उलटते कधी ते बघतो, मग ते सकाळच्या सहापर्यंत नेऊन तारीख लावतो.

आणि पहिलंच घड्याळ स्वस्तातलं ऑटोमॅटिक कशाला? साधं क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारं घड्याळ, महिन्याभरात १५-२० सेकंद चुकतं, स्वस्त ऑटोमॅटिक तेवढं एका दिवसात चुकू शकतं. रोज सात-बावन्नची लोकल पकडणाऱ्याला क्वार्ट्झच हवं. व्हिडिओ बघून हौस आली असेल तर ऑटोमॅटिक दुसरं घड्याळ म्हणून घ्या.

पट्टा १८ किंवा २० मिलिमीटरचा, सरळ पिनेवर बसणारा असावा. तो कुठल्याही दुकानात मिळतो. कंपनीच्या खास आकाराच्या खाचेतला पट्टा तुटला की तो मिळेपर्यंत घड्याळ कपाटात. चामड्याच्या पट्ट्याला पावसाळ्यात बुरशी येते, म्हणून जूनमध्येच तो काढून नायलॉनचा लावा.