परदेशातून कायमचं परतताय? या चुका टाळा

आखातातून किंवा अमेरिकेतून कायमचं परतणाऱ्यांचा घोळ बहुधा एका समजुतीतून होतो: ‘भारतात १८२ दिवस भरेपर्यंत मी एनआरआयच.’ हा नियम प्राप्तिकराचा, आणि तोही अर्धाच. बँक खात्यांना फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायदा लागतो, आणि फेमा इरादा बघतो. नोकरी, धंदा किंवा कायम राहण्यासाठी आलात की उतरलेल्या दिवसापासून तुम्ही निवासी.

म्हणून सगळ्यांत महाग पडतं ते एनआरई खातं (परदेशातली कमाई ठेवायचं एनआरआयचं रुपया खातं) तसंच चालू ठेवणं. त्यावरचं व्याज करमुक्त असतं ते फेमानुसार अनिवासी असेपर्यंतच. परतल्यानंतरचं व्याजही करमुक्त दाखवलं, तर पुढे कर व्याजासकट भरावा लागतो. बँकेत क्रम सांभाळा. आधी आरएफसी खातं (परतलेल्यांसाठीचं परकीय चलनातलं खातं) उघडून परकीय चलनात ठेवायची रक्कम त्यात वळवा, मगच उरलेलं एनआरई आणि एनआरओ (भारतातल्या उत्पन्नाचं एनआरआय खातं) निवासी खात्यात बदलून घ्या. उलट केलंत तर पैसे निवासी खात्यात येतात आणि पुन्हा बाहेर पाठवायला वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आड येते. आरएफसीला ती नाही. एफसीएनआर (एनआरआयची परकीय चलनातली मुदत ठेव) मात्र मोडू नका. ती मुदतीपर्यंत ठरलेल्या दरानेच चालते.

आता कराचे दिवस. सुट्टीवर येणाऱ्याला मिळणारी १८२ दिवसांची सवलत कायमचं परतणाऱ्याने गृहीत धरू नये. परतलात त्या आर्थिक वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात झाले असतील, तर करासाठीही निवासी ठरू शकता. गणपतीला २० दिवस आलात आणि १० फेब्रुवारीला कायमचे उतरलात, तर ३१ मार्चपर्यंतचे ५० धरून ७० दिवस झाले. गणपतीचे दिवस मोजायचे राहतात, ही नेहमीची चूक. पासपोर्टच्या शिक्क्यांची पानं स्कॅन करून तारखांचा तक्ता आधीच करा.

निवासी ठरलात म्हणून घाबरू नका. आधीच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी असाल, किंवा आधीच्या सात वर्षांत भारतात ७२९ किंवा त्याहून कमी दिवस राहिला असाल, तर तुम्ही आरएनओआर, म्हणजे निवासी, पण ‘सामान्यतः निवासी’ नाही. मग परदेशातला पगार, तिथल्या ठेवींचं व्याज यांवर इथे कर नाही. पण विवरणपत्रात हाच पर्याय निवडायला हवा. घाईत नुसतं ‘निवासी’ निवडलं की जगभरचं उत्पन्न करपात्र दिसतं. शेवटचा पगार आणि ग्रॅच्युइटी आधी तिकडच्याच खात्यात घ्या. थेट भारतात जमा झालेलं उत्पन्न इथे मिळालेलं धरलं जातं आणि करपात्र ठरतं.

आरएनओआर संपलं की परदेशातली खाती, शेअर, घर विवरणपत्राच्या ‘एफए’ (परदेशी मालमत्ता) परिशिष्टात दाखवावं लागतं, उत्पन्न शून्य असलं तरी. बंद पडल्यासारखं जुनं पगार खातंही त्यात आलं. ते परत येण्याआधीच बंद केलेलं बरं.

पॅन-आधार जोडणीतून सूट अनिवाशांना असते, ती परतल्यावर संपते. जोडणी करायची राहिली तर पॅन निष्क्रिय होतं, परतावा अडकतो आणि टीडीएस जास्त दराने कापला जातो. आधार नसेल तर १८२ दिवस थांबू नका. भारतीय पासपोर्टधारक एनआरआय आल्याबरोबर अर्ज करू शकतात.