पिल्लू आईबापापेक्षा मोठं का निघालं? नर लावताना या चुका टाळा

देवणी वळू निवडताना आपला शेतकरी वळूच्या आईचं दूध विचारतो, आजीचंही विचारतो. पण तोच माणूस घरातल्या पॉमेरियन कुत्रीला नर लावताना मोबाइलवरचा एक फोटो बघून हो म्हणतो. मग वर्षभरानं तक्रार येते: "आईबाप दोघं अडीच किलोचे, हे चार किलोचं कसं झालं?"

खाण तशी माती खरी, पण खाण दोघांपुरती नसते. कुत्र्याचा आकार अनेक जनुकं मिळून ठरवतात. त्यातलं एक, आयजीएफ-१, २००७ साली संशोधकांनी दाखवून दिलं; त्याचा एक ठरावीक प्रकार जवळजवळ सगळ्या छोट्या जातींत सापडतो. पिल्लाला आईकडून निम्मा, बापाकडून निम्मा वाटा येतो, पण प्रत्येक पिल्लाचा वाटा निराळा. आजोबांचा मोठेपणा छोट्या बापात झाकलेला राहून नातवात उघडा पडतो. म्हणून नराचे आईबाप, भावंडं आणि त्याची आधीची पिल्लं वर्षाची झाल्यावर किती भरली, ते विचारा.

आपल्याकडे आणखी एक घोळ आहे. पॉमेरियन म्हणून विकलं जाणारं पुष्कळदा इंडियन स्पिट्झ असतं, म्हणजे तशीच दिसणारी पण मोठ्या आकाराची जात. अशा मादीची पिल्लं मोठी होणारच, त्यात नराचा दोष नाही.

जन्माच्या वजनावरून भाकीत करू नका. माझ्या मादीच्या वेतातलं सगळ्यात बारकं पिल्लू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ९५ ग्रॅम भरलं होतं. वर्षानंतर भावंडांत तेच सगळ्यात थोराड. पोटातली जागा आणि तिथं मिळालेलं पोषण यांवर जन्माचं वजन ठरतं.

सगळ्यात घातक चूक म्हणजे इवल्याशा मादीला मोठा नर. दोन किलोच्या मादीचं कंबरेचं हाड अरुंद, आणि गर्भात एकच पिल्लू असलं तर ते आणखी वाढतं. माझी एक मादी अशीच अडली. रात्रभर कळा देत ती माझ्या हाताला चिकटून बसली होती, शेवटी सिझेरियन करावं लागलं. तेव्हापासून मी मादीपेक्षा मोठा नर लावत नाही आणि सर्वांत छोटी मादी गाभण ठेवत नाही. गाभणपणाच्या ५५ व्या दिवसानंतर एक्स-रे काढून पिल्लं मोजून घ्या. जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पिल्लू बाहेर आलं नाही, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवा स्राव दिसला, तर थांबू नका. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, पण रात्री कोण येईल ते आधीच ठरवून ठेवा.

इवलीशी पिल्लं 'टीकप' म्हणून विकतात, पण त्या नावाची जात नाही. छोटं राहावं म्हणून पिल्लाला उपाशी ठेवलं तर आकार बदलत नाही, रक्तातली साखर उतरते. पिल्लू थरथरायला लागलं, लटपटलं, तर हिरड्यांना साखरेचं पाणी चोळा आणि तसंच उचलून डॉक्टरकडे न्या.